रिमोट गेला, असे म्हणण्याआधी

स्ट्रीमिंग स्टिकचा, म्हणजे टीव्हीला मागून जोडून इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवणाऱ्या छोट्या कांडीचा, रिमोट चालेनासा झाला की आमच्या परभणीकडे घरातले कोणीतरी लगेच 'रिमोट गेला' असा निकाल देऊन टाकते, आणि तो इतक्या घाईने दिला जातो की पुढची तपासणी होतच नाही. आधी रिमोट तळहातावर आपटला जातो, मग मागचे झाकण काढून सेल बोटाने गरागरा फिरवले जातात, आणि तरीही पडद्यावरचा चौकोन जागचा हलला नाही तर तो टीव्हीशेजारी उताणा पडून राहतो व बाजारातून नवा आणण्याची भाषा सुरू होते. नातेवाइकांच्या आणि शेजाऱ्यांच्या घरी असे बाजूला टाकलेले रिमोट मी वर्षानुवर्षे उघडून पाहत आलो आहे, आणि माझे ठाम मत असे झाले आहे की त्यांतले फार थोडे खरोखर गेलेले असतात. बटण दाबणारा अंगठा आणि पडद्यावर हलणारे चित्र यांच्यामध्ये रबर असते, आतली सर्किटची पट्टी असते, सेल असतात, रेडिओलहरी असतात, स्टिक असते, तिला मिळणारी वीज असते. यांपैकी काहीही बिघडले तरी दिसणारे लक्षण एकच: रिमोट ऐकत नाही.

हा विषय किरकोळ वाटण्याजोगा आहे, पण तो किरकोळ नसण्याचे कारण स्टिकच्या रचनेतच आहे. जुन्या टीव्हीच्या अंगावर बटणे असत. रिमोट बंद पडला तरी उठून वाहिनी बदलता येत असे. स्टिकवर मात्र वाहिनी बदलायला किंवा आवाज वाढवायला एकही बटण नसते. रिमोट थांबला की सगळे यंत्र कुलूपबंद होते. आमच्याकडच्या असंख्य घरांत मुले पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला नोकरीला आहेत आणि घरी आईवडील दोघेच आहेत. दिवाळीत मुलाने स्टिक जोडून दिलेली असते, संध्याकाळी यूट्यूबवर हरिपाठ किंवा एखादे कीर्तन लावायचे एवढाच तिचा उपयोग असतो, आणि तेवढ्यासाठी कोणाच्या तरी फोनची किंवा शेजारच्या पोराची वाट पाहावी लागते. केबल आणि छत्रीच्या काळात तक्रार ऐकून घरी येणारा माणूस गावात होता. स्टिकसाठी असा माणूस नाही, म्हणून तिची थोडी विद्या घरातच असली पाहिजे असे मला मनापासून वाटते.

ती विद्या समजून घ्यायची तर रिमोट बोलतो कसा, इथून सुरुवात करावी लागते. १९५५ मध्ये अमेरिकेतील झेनिथ कंपनीच्या युजीन पॉली या अभियंत्याने प्रकाशाच्या झोतावर चालणारा बिनतारी रिमोट तयार केला. टीव्हीच्या पडद्याच्या चार कोपऱ्यांत प्रकाश ओळखणारे घटक बसवलेले होते आणि हातातला विजेरीसारखा झोत त्यांवर टाकला की आवाज बंद होई किंवा वाहिनी बदले. अडचण अशी की खिडकीतून आलेले ऊनही तेच काम करून जाई. आमच्याकडच्या वैशाखात तो टीव्ही दिवसभर आपोआप वाहिन्या बदलत बसला असता. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीतल्या रॉबर्ट ॲडलर यांनी प्रकाश सोडून ध्वनी घेतला: बटण दाबले की आत एक हातोडी ॲल्युमिनियमच्या कांडीवर आपटे आणि माणसाला ऐकू न येणारा उच्च स्वर निघे. त्या रिमोटला सेलच लागत नसत. सेलवाचून चालणारा रिमोट माणसाने सत्तर वर्षांपूर्वी बनवला होता, हे सेलच्या पांढऱ्या पुडीने खराब झालेला रिमोट पुसताना मला दर वेळी आठवते.

नंतर आलेला आणि आजही बहुतेक टीव्हींसोबत मिळणारा रिमोट अवरक्त किरणांचा. त्याच्या नाकाशी एक छोटा दिवा असतो आणि तो आपल्या डोळ्याला न दिसणारा, साधारण ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश सोडतो. पॉली यांना नडलेली उन्हाची अडचण इथे फार सुंदर रीतीने सुटली आहे. हा दिवा नुसता पेटत नाही, तर बहुधा सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकतो, आणि टीव्हीतला डोळा त्याच गतीने लुकलुकणाऱ्या प्रकाशाकडे लक्ष देतो. ऊन स्थिर असते, म्हणून ते गाळले जाते. या रिमोटची परीक्षा सोपी आहे. मोबाइलचा कॅमेरा सुरू करून, शक्यतो पुढचा, रिमोटचे नाक त्याच्यासमोर धरावे आणि बटण दाबावे. पडद्यावर जांभळट किंवा पांढरा ठिपका लुकलुकताना दिसला तर सेल, पट्टी आणि दिवा तिन्ही ठीक आहेत. मागच्या कॅमेऱ्यात हा प्रकाश अडवणारी काच पुष्कळदा असते, त्यामुळे तिथे काही दिसले नाही म्हणून निराश होऊ नये.

स्टिकच्या रिमोटला मात्र ही परीक्षा अर्धीच लागू पडते. स्टिक टीव्हीच्या पाठीमागे लपलेली असते, तिथवर प्रकाश पोहोचत नाही. म्हणून बहुतेक स्टिकचे रिमोट ब्लूटूथवर, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरींवर बोलतात. अवरक्त रिमोटचे बोलणे शेताच्या बांधावरून मारलेल्या हाकेसारखे असते, ज्याच्या कानी पडेल तो ओ देईल. ब्लूटूथचे तसे नाही. पहिल्या जोडणीच्या वेळी रिमोट आणि स्टिक एकमेकांना एक गुप्त किल्ली देतात, दोघेही ती जपून ठेवतात, आणि पुढचे प्रत्येक बटण त्या ओळखीच्या आधारावर चालते. ही ओळख एका बाजूने जरी पुसली गेली तरी रिमोट निरोगी, सेल नवेकोरे, स्टिक चालू, आणि तरीही शांतता. अशा वेळी कितीही महागाचे सेल आणले तरी काही उपयोग होत नाही.

इथे एक बारकावा आहे आणि माझ्या मते संपूर्ण तपासणीत तोच सर्वांत उपयोगी आहे. स्टिकच्या पुष्कळ रिमोटांवर टीव्ही चालू-बंद करण्याचे आणि आवाजाचे बटणही असते. ती बटणे टीव्हीशी बोलतात, स्टिकशी नव्हे, आणि ती जुन्या अवरक्त पद्धतीनेच बोलतात. एकाच रिमोटच्या पोटात असे दोन आवाज असतात. म्हणून आवाजाचे बटण चालत असेल आणि बाणाची बटणे चालत नसतील, तर सेल दोषी नाहीत. तुटली आहे ती ओळख, किंवा अडकली आहे ती स्टिक. उलट बाण चालत असतील आणि आवाज हलत नसेल, तर रिमोटच्या नाकावर चिकटपट्टी, धूळ किंवा रंगीत कव्हर आले आहे का ते पाहावे, नाहीतर सेटिंगमध्ये टीव्हीची कंपनी चुकीची निवडली गेली आहे का ते तपासावे. दोन्ही बंद असतील तरच सेलांकडे वळावे.

गंगाखेडला माझ्या मावशीच्या घरी हे अगदी लख्ख दिसले होते. उन्हाळ्याचे दिवस होते, दुपारभर वीज येत-जात होती आणि संध्याकाळी तिच्या हरिपाठाच्या वेळेला रिमोट थांबला. ती म्हणाली, "लेकरा, सेल नवे घातलेत, तरी बी खालीवर सरकंनाच झालंय. आवाज तेवढा कमी-जास्त होतोय." तिने ते तक्रार म्हणून सांगितले, पण निदान तिच्या वाक्यातच होते. मी तिला म्हणालो, "मावशी, आवाज होतोय म्हणजे सेल चांगले आहेत. आता स्टिकची वीज बंद करून बघू." स्टिकचा अडॅप्टर बोर्डातून काढून मिनिटभर तसाच ठेवला, पुन्हा लावला, पडदा पूर्ण उजळेपर्यंत थांबलो, आणि मग तिच्याच हाताने होमचे बटण दाबून धरायला लावले. पडद्यावर जोडणीची सूचना आली आणि बाण चालू लागले. तिच्याच हाताने करवण्यामागे हेतू होता: पुढच्या वेळी मी तिथे नसणार.

जोडणीची रीत यंत्रागणिक वेगळी आहे. फायर टीव्हीच्या रिमोटवर होमचे बटण साधारण १० सेकंद दाबून धरायचे असते. गुगल टीव्हीवाल्या क्रोमकास्टच्या रिमोटवर मागे जाण्याचे आणि होमचे अशी दोन बटणे, रिमोटवरचा दिवा लुकलुकेपर्यंत, एकत्र दाबायची असतात. रोकूच्या व्हॉइस रिमोटमध्ये जोडणीचे बटण पुष्कळदा सेलच्या कप्प्यातच असते. रीत कोणतीही असो, क्रम पाळावा: आधी स्टिक पूर्ण सुरू होऊ द्यावी, मग रिमोट तिच्या जवळ नेऊन बटण धरावे. स्टिक अजून जागी होत असतानाच लोक बटणे दाबतात आणि जोडणी होत नाही म्हणून चिडतात. आणखी एक समज दूर करायला हवा. इंटरनेट बंद पडले म्हणून ब्लूटूथचा रिमोट बंद पडत नाही. राउटर पुन्हा सुरू करून बाण चालू होणार नाहीत.

आता सेल. याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आमच्याकडचे सगळे घरगुती उपाय इथेच एकवटलेले आहेत, आणि त्यांतला प्रत्येक उपाय थोडा खरा आहे. सेल बोटाने फिरवला की रिमोट चालतो, कारण सेलच्या टोकावर आणि स्प्रिंगवर साचलेला गंजाचा पातळ थर घासला जातो व वीज वाहू लागते. म्हणजे उपाय सेल फिरवण्यात नाही, ती टोके कोरड्या फडक्याने नीट पुसण्यात आहे. रिमोट आपटल्यावर चालतो तोही याच कारणाने, फक्त आपटताना आतले नाजूक जोड निखळण्याची भीती असते. सेल उन्हात ठेवण्याची रीत जुन्या लोकांना रेडिओच्या काळापासून ठाऊक आहे. उष्णतेने आतली रासायनिक क्रिया वेग घेते आणि संपत आलेला सेल थोडा वेळ तग धरतो. सेल दाताने किंवा दगडाने चेपण्याचेही तसेच: आतला ओलसर लगदा सरकतो आणि उरलेसुरले बळ बाहेर येते. पण नेमके हे दोन उपाय सेल फुटायला कारण होतात.

ते का, हे स्वस्त सेलच्या बांधणीवरून कळते. किराणा दुकानात मिळणाऱ्या साध्या झिंक-कार्बन सेलमध्ये जस्ताचा डबा हे नुसते आवरण नसते. तोच सेलचा ऋण ध्रुव असतो. वीज देताना हे जस्त हळूहळू खर्च होते, म्हणजे सेल वापरला जातो तसतशी त्याची भिंत पातळ होत जाते. अशा पातळ भिंतीचा सेल चेपला, तापवला, किंवा महिनोनमहिने विसरला गेला की आतले द्रव्य बाहेर येते आणि स्प्रिंग खाते. अल्कलाइन सेलची बांधणी वेगळी असते आणि तो जास्त टिकतो, पण फुटला तर त्यातून पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर पडते आणि हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन त्याची पांढरी पूड होते. ही पूड अल्कधर्मी असल्यामुळे ती काढायला कापसाच्या बोळ्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगरचे थेंब घेऊन टोके पुसावीत, मग स्पिरिटने, म्हणजे मेडिकलमध्ये मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने, पुन्हा पुसून पूर्ण वाळू द्यावे. झिंक-कार्बन सेलचा स्राव आम्लधर्मी असतो. तिथे लिंबाऐवजी खायच्या सोड्याचे पाणी किंचित लावणे योग्य. दोन्ही वेळी हात नीट धुवावेत आणि ती पूड डोळ्यांजवळ जाऊ देऊ नये. हिरवट झालेली स्प्रिंग बारीक पॉलिशपेपरने घासली की पुष्कळदा पुन्हा कामी येते.

सेल चांगला आहे की नाही हे ठरवण्याची आपली पद्धतही बदलायला हवी. 'घड्याळात चालतो, म्हणजे सेल चांगला' असे सर्रास म्हटले जाते. भिंतीवरच्या घड्याळाला अगदी क्षीण प्रवाह पुरतो. संपत आलेला सेलही त्याला महिनोनमहिने चालवतो. माइक असलेल्या रिमोटची भूक वेगळी असते. त्याच्यात अर्धवट सेल घातले तर बाण चालतात, पण बोलण्यासाठी माइकचे बटण दाबले की रिमोट मान टाकतो. हे लक्षण दिसले तर शंका न घेता दोन्ही सेल एकदम बदलावेत. एक नवा आणि एक जुना अशी जोडी कधीही लावू नये. जुना लवकर रिकामा होतो, नवा त्याच्यातून वीज ढकलत राहतो आणि जुना फुटतो. पुन्हा भरता येणारे निकेलचे सेल १.२ व्होल्टचे असतात, १.५ चे नव्हेत. पुष्कळ रिमोट त्यांवर चालतात, पण काही रिमोट ते पूर्ण भरलेले असतानाही कमी असल्याची सूचना देतात.

सेल आणि ओळख दोन्ही ठीक असून एखादेच बटण हट्ट धरून बसले असेल, तर दोष रबराचा. बटणांखाली सिलिकॉनची एक चादर असते, प्रत्येक बटणाच्या पोटाशी कार्बनची काळी टिकली असते, आणि दाबल्यावर ती टिकली खालच्या पट्टीवरच्या दोन रेषा जोडते. स्वयंपाकघरातून तेलाच्या हाताने येऊन रिमोट उचलला जातो, उन्हाळ्यात तळहाताला घाम असतो, काळ्या मातीची बारीक धूळ तर कुठेही शिरते; या सगळ्याचा तेलकट थर टिकलीवर बसतो आणि वीज अडते. सर्वांत आधी झिजते ते मधले 'ओके'चे बटण. हमी संपलेली असेल तरच रिमोट उघडावा. स्क्रू नसले तर कडेच्या फटीत जुने एटीएम कार्ड सरकवून झाकण हलक्या हाताने सोडवावे, रबर आणि पट्टी स्पिरिटने पुसावी, वाळल्यावर बसवावे. रॉकेल, पेट्रोल किंवा थिनर अजिबात लावू नये, प्लास्टिक विरघळते. चहा सांडला असेल तर आधी सेल काढावेत. चहाचे पाणी वाळून जाते, साखर राहते, आणि तीच बटणे चिकटवते. चिकटलेले बटण आणखी एक घात करते: ते दाबलेलेच राहिल्याने रिमोट सारखा बोलत राहतो आणि नवे सेल काही दिवसांत संपतात. 'हा रिमोट सेल खातो' अशी तक्रार ऐकली की मी आधी सगळी बटणे एकेक करून दाबून, उसळून वर येतात का ते पाहतो.

यापुढची कारणे रिमोटच्या बाहेरची आहेत, आणि मराठवाड्यात ती जास्त दिसतात. स्टिकसोबत मिळालेला अडॅप्टर बाजूला ठेवून तिची तार टीव्हीच्याच यूएसबी खाचेत लावण्याची सवय आहे, कारण बोर्डातला एक सॉकेट वाचतो. टीव्हीची ती खाच बहुधा अर्धा अँपिअर देते. साध्या स्टिकच्या अडॅप्टरवर ५ व्होल्ट, १ अँपिअर लिहिलेले असते. अर्धपोटी स्टिक अडखळते, मधेच पुन्हा सुरू होते, आणि दोष रिमोटवर येतो. वीज वारंवार जाते तिथे इन्व्हर्टरवर सरकतानाच्या झटक्यानेही स्टिक अर्धवट गोठते. पडद्यावर चित्र दिसत असते, म्हणून ती चालू आहे असे वाटते. शिवाय ४२ अंशांच्या दुपारी टीव्ही आणि भिंत यांच्यामधल्या फटीत ती किती तापते हे हात लावून पाहावे. पुष्कळ स्टिकच्या डब्यात एचडीएमआयची, म्हणजे स्टिक टीव्हीच्या ज्या खाचेत बसते तिची, एक छोटी जोडतार मिळते, ती बहुतेक घरांत डब्यातच राहते. ती लावली की स्टिक टीव्हीच्या पत्र्यापासून दूर येते, थंड राहते आणि रिमोटच्या लहरी तिला नीट ऐकू येतात. शेजारी यूएसबी ३.० ची हार्डडिस्क असेल तर तीही दूर न्यावी. अशा जोडण्यांचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात शिरतो, हे चिप बनवणाऱ्या इंटेल कंपनीने २०१२ मध्ये मोजून प्रसिद्ध केले आहे.

दोष रिमोटचा की स्टिकचा हा वाद मिटवायचा असेल तर तिसरा साक्षीदार बोलवावा. स्टिकच्या कंपनीचे ॲप मोबाइलवर घेतले आणि दोघे एकाच वायफायवर असले, तर मोबाइल रिमोटचे काम करतो. मोबाइलने बाण हलले तर स्टिक चांगली आहे. मोबाइलनेही हलले नाहीत तर स्टिक अडकली आहे. ज्या घरात वायफाय धड नाही तिथे दुसरा मार्ग आहे: टीव्हीच्या सेटिंगमधील सीईसी नावाची सोय. सॅमसंग तिला एनीनेट प्लस म्हणते, एलजी सिमप्लिंक, सोनी ब्राविया सिंक. ती सुरू केली की टीव्हीचा स्वतःचा रिमोट एचडीएमआयच्या तारेतूनच स्टिकचे बाण चालवू लागतो. घरी म्हातारी माणसे एकटी असतील तिथे ही सोय सुरू नसणे मला निष्काळजीपणाचे वाटते.

इतके सगळे करूनही काही रिमोट उठत नाहीत. पट्टीला तडा गेलेला असतो किंवा पाणी फार आतवर गेलेले असते. छत्रपती संभाजीनगरजवळ पैठण रस्त्यावरच्या चितेगावला व्हिडिओकॉनचे टीव्ही बनत, त्या काळी टीव्हीचा एकेक सुटा भाग बदलून देणारे कारागीर तालुक्याच्या गावात होते. आजच्या रिमोटची इवलीशी चिप बदलणे त्यांनाही परवडणारे नाही, हे मान्य करून नवा घ्यावा. मात्र घेताना जुन्याच्या मागे छापलेला मॉडेल क्रमांक जुळवून घ्यावा, कारण दिसायला सारखे असलेले दोन रिमोट आतून वेगळ्या पिढीचे असू शकतात, आणि नुसत्या अवरक्त प्रकाशावर चालणारी स्वस्त नक्कल ब्लूटूथच्या स्टिकला कधीच ऐकू येणार नाही. जुने सेल उकिरड्यावर टाकू नयेत. केंद्र सरकारच्या २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी संकलनपेटी सापडेपर्यंत ते कोरड्या डबीत वेगळे ठेवावेत. नवा रिमोट आल्यावर तो मुलाने नव्हे, रोज वापरणाऱ्या माणसाने जोडावा, आवाजाचे बटण टीव्हीला लागू होते आहे ना ते त्याच वेळी पाहावे, आणि कोणते बटण किती वेळ धरायचे ते ठळक अक्षरांत लिहून टीव्हीच्या बाजूला चिकटवावे.